द बीस्ट: जगातल्या सर्वांत लांब लाकडी रोलर कोस्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या ईशान्येला मेसन नावाचं गाव आहे. तिथल्या किंग्ज आयलंड पार्कमध्ये १४ एप्रिल १९७९ रोजी 'द बीस्ट' सुरू झाला. सिनसिनाटी, डेटन, कोलंबस या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची उन्हाळ्यात एक चक्कर इकडे होतेच, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही हे पार्क दाखवलं जातं. या कोस्टरबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. हा कोस्टर मला मनापासून आवडतो, त्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबलं आहे.

विक्रम नेमका कशाचा आहे?

लांबीचा. सुरू झाला तेव्हा त्याचा मार्ग ७,३५९ फूट, म्हणजे सुमारे २,२४३ मीटर होता. सव्वादोन किलोमीटरच म्हणा ना. लाकडी रुळांवर धावणारा याहून लांब कोस्टर जगात नाही. सुरुवातीला सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान लाकडी कोस्टर हे मानही त्याच्याकडेच होते. ते दोन्ही पुढे इतरांकडे गेले, लांबीचा मात्र टिकून आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. इंग्लंडमधल्या लाइटवॉटर व्हॅली पार्कमध्ये १९९१ साली 'द अल्टिमेट' सुरू झाला. तो ७,४४२ फुटांचा, म्हणजे बीस्टपेक्षा थोडा लांब होता, आणि त्याला आधार देणारे खांब बऱ्याच ठिकाणी लाकडाचे होते. पण रूळ पोलादी होते, म्हणून तो पोलादी कोस्टरांत मोजला गेला. पोलादी कोस्टरांची लांबी तर बीस्टच्या पुढे कधीच गेली आहे. जपानच्या नागाशिमा स्पा लँडमधला 'स्टील ड्रॅगन २०००' सुमारे २,४७९ मीटर लांब आहे.

मग लाकडी कोस्टर म्हणायचं कशाला?

खांब कशाचे आहेत यापेक्षा चाकं कशावरून धावतात हे बघायचं. लाकडी कोस्टरच्या रुळात पाइन लाकडाच्या फळ्यांचे थर एकावर एक ठोकून जाड पट्टा बनवतात, साधारणपणे आठ थरांचा. त्यावर पोलादाची चपटी पट्टी बसवतात आणि तिच्यावरून चाकं धावतात. पोलादी कोस्टरचा रूळ म्हणजे कारखान्यातून तयार होऊन आलेला पोकळ नळा. त्याला कसाही पीळ देता येतो, उलटं-पालटं नेता येतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकातल्या 'नायट्रो'मध्ये बसला असाल तर तो पोलादी प्रकार. गाडी गुळगुळीत जाते, वळसे उलटे असतात, आणि बसणाऱ्याचे पाय हवेत लोंबकळत असतात.

बीस्टमध्ये गाडी एकदाही उलटी होत नाही. तरीही तो जास्त रानटी वाटतो, याचं कारण लाकूड. गाडी जाते तेव्हा सगळा सांगाडा किंचित हलतो, दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. तो हलावा असाच बांधलेला असतो. पोलादी चाकांचा खडखडाट, फळ्यांचा करकर आवाज, अंगाला बसणारे बारीक हिसके हे सगळं मिळून जी धास्ती वाटते, ती पोलादी कोस्टरला दुप्पट उंची दिली तरी येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिसरा एक प्रकार आला आहे. जुना लाकडी सांगाडा ठेवायचा आणि त्यावर पोलादी रूळ बसवायचे. याला हायब्रिड म्हणतात. त्याचं ओहायोतलंच उदाहरण पुढे येणार आहे.

एवढा लांब कोस्टर बांधायचं सुचलं कुणाला?

याची सुरुवात पुराच्या पाण्यातून झाली. सिनसिनाटीत ओहायो नदीच्या काठावर कोनी आयलंड नावाचं जुनं मनोरंजन पार्क होतं. नदीला पूर आला की पार्क पाण्याखाली जायचं. शेवटी मालकांनी नदीपासून दूर, उंचावर नवं पार्क उभं करायचं ठरवलं आणि १९७२ साली किंग्ज आयलंड सुरू झालं. जुन्या पार्कात 'शूटिंग स्टार' नावाचा लोकांचा फार लाडका लाकडी कोस्टर होता. नव्या पार्कात तसाच एक पुन्हा उभा करावा, असा विचार सत्तरच्या दशकात चालला होता. त्या विचारातूनच पुढे बीस्टची कल्पना आली.

किंग्ज आयलंडच्या पहिल्याच वर्षी तिथे 'द रेसर' हा दोन गाड्या शेजारी शेजारी पळवणारा लाकडी कोस्टर आला होता. तो जॉन ॲलन यांनी रचलेला. त्या काळात अमेरिकेतले लाकडी कोस्टर एकामागून एक पाडले जात होते. रेसरच्या यशाने ही कला पुन्हा उभी राहिली, असं कोस्टरचा इतिहास लिहिणारे मानतात. बीस्टच्या वेळी ॲलन निवृत्तीच्या वाटेवर होते. त्यांनी काम स्वतःकडे घेतलं नाही, पण आपली गणितं आणि सूत्रं मोकळ्या मनाने दिली.

मग पार्कने बाहेरची कंपनी न नेमता काम घरच्याच माणसांकडे सोपवलं. बांधकाम आणि देखभालीचे प्रमुख चार्ल्स डिन यांच्या हाताखाली अल कॉलिन्स आणि जेफ ग्रॅमके या दोघांनी आराखडा केला. संगणक नव्हता, सगळी आकडेमोड हाताने. दुसरं कुणी असतं तर आधी जमीन सपाट करून घेतली असती. यांनी पस्तीस एकरांची झाडी, त्यातल्या घळी आणि उतार जसेच्या तसे ठेवले आणि रूळ जमिनीच्या कलाने नेले. मला या कोस्टरचं सगळ्यांत मोठं कौतुक वाटतं ते या निर्णयाचं. विक्रम लांबीचा असला तरी ती लांबी या जमिनीनेच दिली आहे.

नाव कसं पडलं?

बांधणारे कामगार आणि इंजिनिअर या अवाढव्य कामाला आपापसात 'बीस्ट' म्हणत. ते पार्कच्या जनसंपर्क प्रमुख रूथ व्हॉस यांच्या कानावर आलं आणि त्यांनी तेच नाव ठेवलं.

चढ ११० फुटांचा आणि उतार १४१ फुटांचा, हे कसं शक्य आहे?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि प्रश्न चांगला आहे. पहिला चढ जमिनीपासून ११० फूट, म्हणजे साधारण ३४ मीटर उंच. त्याच्या पलीकडे जमीन खाली उतरते. शिवाय गाडी उताराच्या तळाशी जमिनीच्या पातळीवर थांबत नाही, थेट जमिनीखालच्या बोगद्यात शिरते. त्यामुळे चढताना जेवढं वर गेलो त्यापेक्षा जास्त खाली येतो. दुसऱ्या चढानंतरचा उतार तर आणखी लांब, १४१ फूट म्हणजे जवळपास ४३ मीटर. डोंगरउतारावर बांधलेल्या कोस्टरला हा फायदा फुकट मिळतो. कमी खांब, कमी लाकूड आणि उतार मात्र मोठा.

तरी लाकूड कमी लागलं असं मुळीच नाही. सुमारे साडेसहा लाख बोर्ड फूट लाकूड (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळी), सतरा टन खिळे आणि ८२,४८० बोल्ट या एका कोस्टरमध्ये गेले.

फेरी कशी असते?

चार मिनिटांहून थोडी जास्त. बाकीचे बरेच कोस्टर दोन-अडीच मिनिटांत आटपतात.

स्टेशनातून निघाल्यावर गाडी साखळीने पहिल्या चढावर नेली जाते. वर पोचेपर्यंत पुढे काय आहे याचा फारसा अंदाज येत नाही, कारण सगळा मार्ग झाडीत लपलेला आहे. पार्कात फिरताना बीस्ट पूर्ण असा कुठूनच दिसत नाही. पहिला उतार, तळाचा बोगदा, मग डावीकडे वळण आणि ब्रेक बसवलेली लांबलचक शेड. तिथून गाडी जंगलात घुसते. या भागात मोठे चढउतार नाहीत. जमिनीलगत वळणं, घळीतून जाणारा रूळ, बोगदे, आणि सगळ्यात जाणवते ती गती. पार्काचा आवाज मागे पडतो आणि आपण भलतीकडेच कुठेतरी चाललो आहोत असं वाटायला लागतं.

मग येतो दुसरा चढ. नवख्या माणसाला वाटतं, झालं, संपलं, आता स्टेशन. साखळी टक-टक करत गाडी वर ओढते. वर एक संथ वळण आहे, आणि तिथून १४१ फुटांचा तो लांब उतार सुरू होतो. तो फार उभा नाही, कल अठराच अंशांचा, पण संपतच नाही. वेग वाढतच राहतो आणि गाडी ताशी १०४ किलोमीटरच्या आसपास वेगाने एका बोगद्यातल्या चक्राकार वळणात शिरते. हे वळण ५४० अंशांचं आहे. अंधार, बंदिस्त भिंतींमुळे दहापट झालेला खडखडाट, एका बाजूला दाबलं गेलेलं अंग. बीस्टची खरी ओळख ती हीच.

गाडीला इंजिन नाही. दोन चढांवर साखळी ओढते तेवढंच, बाकी सगळा प्रवास उंचीवरून मिळालेल्या ऊर्जेवर.

गाडी रुळावरून उडत का नाही?

प्रत्येक डब्याला तीन प्रकारची चाकं असतात. वजन पेलणारी रुळाच्या वर, बाजूला सरकू न देणारी रुळाच्या कडेला, आणि तिसरी रुळाच्या खाली. गाडी उंचवट्यावर उचलली गेली तरी ही खालची चाकं तिला धरून ठेवतात. ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कोस्टरकाराने शंभर वर्षांपूर्वी प्रचारात आणली. ती आली आणि कोस्टर उंच, तीव्र बांधणं शक्य झालं.

लाकूड कुजत नाही? एवढा जुना कोस्टर सुरक्षित आहे का?

लाकूड झिजतं, पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, बोल्ट सैल होतात. म्हणूनच लाकडी कोस्टरवर माणसं रोज राबतात. हंगाम चालू असताना सकाळी पार्क उघडण्याआधी रूळ चालत तपासले जातात, आणि हिवाळ्यात कोस्टर बंद असताना सुतार झिजलेले भाग उपटून नव्या फळ्या ठोकतात. १९७९ चं लाकूड आज सगळं तसंच आहे असं समजू नका. तुकड्या-तुकड्याने ते वर्षानुवर्षं बदललं जातं.

२०२२ च्या हंगामाआधी मोठं काम झालं. दोन हजार फुटांहून जास्त रूळ नव्याने घातले गेले आणि पहिला उतार ४५ अंशांऐवजी ५३ अंशांचा केला. या कामात मार्गाची लांबी दोन फुटांनी वाढली, म्हणजे त्याने स्वतःचाच विक्रम पुढे नेला.

हे काम सिनसिनाटीच्याच 'द ग्रॅव्हिटी ग्रुप' या कंपनीने केलं, आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं. चार्ल्स डिन यांनी बीस्टनंतर स्वतःची कंपनी काढली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत बंद पडलेला एक जुना लाकडी कोस्टर उचलून त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स पार्कात उभा केला. १९८५ पासून तो 'फिनिक्स' नावाने धावतो आहे आणि आजही शौकीन त्याच्यासाठी लांबून येतात. डिन यांची मुलगी डेनिस डिन लॅरिक यांनी पुढे कस्टम कोस्टर्स इंटरनॅशनल ही कंपनी चालवली. ती २००२ मध्ये बंद पडल्यावर तिथल्या इंजिनिअरांनी ग्रॅव्हिटी ग्रुप सुरू केला. म्हणजे ज्या हातांनी बीस्ट घडवला, त्यांच्याच पुढच्या पिढीच्या शागिर्दांनी तो दुरुस्त केला. या धंद्यातलं ज्ञान पुस्तकातून कमी आणि सांगाड्यावर चढून जास्त शिकलं जातं. म्हणून अशी परंपरा अखंड राहिली याचं महत्त्व मोठं आहे.

चाळीसहून जास्त वर्षांत हा विक्रम कुणी मोडला का नाही?

प्रयत्न झाला, आणि तोही याच पार्कात. २००० साली किंग्ज आयलंडने 'सन ऑफ बीस्ट' आणला. २१८ फूट उंच, म्हणजे दोनशे फुटांवर गेलेला पहिला लाकडी कोस्टर. त्यात उभा गोल फेराही होता, जो लाकडी कोस्टरांत तोवर जवळपास कुणी केला नव्हता. लांबी ७,०३२ फूट, बीस्टपेक्षा थोडीच कमी. पण तो कधी नीट रुळला नाही. २००६ मध्ये त्याच्यावर अपघात होऊन २७ जण जखमी झाले, नंतर गोल फेरा काढला गेला, २००९ मध्ये तो कायमचा बंद पडला आणि २०१२ मध्ये पाडला. त्याच जागेवर आता 'बॅन्शी' हा पोलादी कोस्टर आहे.

बीस्टच्या जवळ पोचलेला आणि आज धावत असलेला कोस्टर म्हणजे इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डमधला 'द व्हॉयेज', २००६ चा. लांबी ६,४४२ फूट, तोही टेकड्यांच्या जमिनीवर, आणि रचना ग्रॅव्हिटी ग्रुपची.

बाकी कुणी या वाटेला न जाण्याचं कारण सरळ आहे. लांबी वाढली की लाकूड, सुतार आणि दुरुस्ती सगळंच वाढतं, तेही कायमचं. पार्कांना आज उंची, वेग, तीव्र उतार यांची जाहिरात करणं सोपं जातं. पस्तीस एकर झाडी फक्त एका कोस्टरसाठी राखून ठेवायला आज कुठला मालक तयार होईल? होणार नाही असं मी म्हणत नाही, पण झाला तर मी त्याचं जाहीर अभिनंदन करीन.

रात्री बसायला लोक एवढी गर्दी का करतात?

जंगलातल्या मार्गावर जवळजवळ दिवे नाहीत, म्हणून. दिवसा पुढचं वळण निदान क्षणभर आधी दिसतं, रात्री ते थेट अंगावर येतं. दुसरं कारण यांत्रिक आहे. दिवसभर धावून चाकांच्या बेअरिंगमधलं वंगण गरम आणि पातळ झालेलं असतं, त्यामुळे संध्याकाळनंतर लाकडी कोस्टर सकाळपेक्षा जरा जोरात धावतात. जुलैतल्या उकाड्याच्या रात्री हा फरक चांगलाच जाणवतो.

दिवसातून एकच फेरी जमणार असेल तर ती अंधार पडल्यावर घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती. पार्क बंद होण्याच्या वेळेपर्यंत रांगेत शिरलात की बहुतेक शेवटची फेरी मिळून जाते, पण त्या दिवसाची वेळ प्रवेशद्वारावर पाहून ठेवा.

पुढे बसावं की मागे?

मागे. शेवटच्या डब्याला उतारावर पुढचे डबे खेचून नेतात, त्यामुळे तिथे ओढ जास्त लागते. प्रत्येक गाडीला सहा डबे आणि छत्तीस जागा आहेत. प्रत्येक डब्यातल्या मधल्या रांगेत हिसके कमी बसतात, कारण ती चाकांच्या बरोबर वर नसते. पाठ दुखरी असेल पण बसायची हौस असेल तर मधली रांग मागून घ्या. पुढच्या डब्यात वारा आणि दृश्य चांगलं मिळतं, तेही दिवसा.

मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना बसता येईल का?

मुलांची उंची किमान ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर हवी. फाटकाशी मोजतात आणि त्यात सवलत नाही. रांगेत तासभर उभं राहून मग पोराला परत पाठवलं तर त्याचा हिरमोड होतो, म्हणून घरूनच मोजून जा.

आई-बाबांच्या बाबतीत स्पष्ट सांगतो. मान, कंबर, हृदय किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर बसवू नका. गरोदर बायकांनीही बसू नये. 'एवढ्या लांब आलोय तर बसूच' म्हणून होकार देणारे बाबा बरेच भेटतात, त्यांना प्रेमाने आवरायला हवं. त्यांच्यासाठी पार्कात जंगलातून जाणारी छोटी वाफेची रेल्वे आहे, आणि ३१४ फुटी आयफेल टॉवरची प्रतिकृती आहे. तिच्या गच्चीवरून सगळा परिसर दिसतो आणि झाडांच्या शेंड्यांतून डोकावणारे बीस्टचे चढही दाखवता येतात.

चष्मा, मोबाइल, पर्स यांचं काय करायचं?

बांधता येत नाही ते सोबत नेऊ नका. चष्म्याला मागून पट्टा लावा. मोबाइल चेनच्या खिशात. ओढणी किंवा सैल स्कार्फ असेल तर काढून बाहेर थांबलेल्या माणसाकडे द्या. जंगलात पडलेली वस्तू त्याच वेळी शोधायला कुणालाही सोडत नाहीत.

बीस्ट आवडला नाही असं म्हणणारेही भेटतात. त्यांचं काय चुकतं?

काहीच चुकत नाही. आसनावरून अंग उचललं जाण्याचा, पोटात खड्डा पडण्याचा अनुभव हवा असेल तर बीस्ट तो फारसा देत नाही. ब्रेक गाडीला मध्येमध्ये आवरतात, ही जुनी तक्रारही रास्त आहे. बीस्टची मजा अंतरात, जंगलात आणि शेवटच्या त्या बोगद्यात आहे. अंग उचलणारा कोस्टर हवा असेल त्यांनी त्याच पार्कातल्या 'मिस्टिक टिंबर्स'मध्ये बसावं. तो २०१७ चा, लहान पण फार चपळ लाकडी कोस्टर आहे.

बीस्ट झाला. आता पुढे कुठला लाकडी कोस्टर बघावा?

गाडीने जाता येण्याजोगा पहिला म्हणजे वर सांगितलेला व्हॉयेज. माझ्या मते सगळ्या लाकडी कोस्टरांत दमवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. इतिहासाची आवड असेल तर पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना इथल्या लेकमाँट पार्कातला 'लीप-द-डिप्स' बघा. तो १९०२ चा, जगातला उभा असलेला सर्वांत जुना कोस्टर.

आणि हायब्रिड प्रकार अनुभवायचा तर ओहायोच्याच उत्तर टोकाला, सँडस्की इथल्या सीडर पॉइंट पार्कात 'स्टील व्हेंजन्स' आहे. १९९१ मध्ये डिन यांच्या कंपनीने तिथे 'मीन स्ट्रीक' हा १६१ फुटी लाकडी कोस्टर बांधला होता. पुढे त्याच्या सांगाड्यावर पोलादी रूळ घातले आणि २०१८ मध्ये तो नव्या नावाने सुरू झाला. एका आठवड्यात बीस्ट आणि स्टील व्हेंजन्स दोन्ही करता आले तर आधी बीस्ट करा. उलटा क्रम लावलात तर बीस्ट संथ वाटेल आणि त्याच्यावर अन्याय होईल.